क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला बायकांनी काय घालावं?

हळदगंध, सांगली

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालोय. बार्सिलोनाहून निघून परत बार्सिलोना, सात रात्री. मी, हे, बारावी झालेली लेक, धाकट्या वन्सं आणि सासूबाई. व्हिसाची कागदपत्रं जमवणं चालू आहे, त्यात परवा एजंटकडून सूचनांचं पत्रक आलं. सातपैकी दोन संध्याकाळी 'फॉर्मल नाइट' आहे म्हणे. बायकांसाठी इव्हिनिंग गाऊन किंवा कॉकटेल ड्रेस, पुरुषांसाठी सूट किंवा टक्सिडो. पुढे एक अक्षर नाही.

तेव्हापासून घरात हाच विषय. ह्यांच्याकडे सूट आहे, त्यांचं मिटलं. लेकीला काळा जंपसूट हवाय. वन्संना गाऊन शिवायचाय, त्या अगदी उत्साहात आहेत, पण नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेले की कोण काय म्हणेल याची धास्तीही घेतलीय त्यांनी. मी कार्यक्रमाला साडी, फार तर पंजाबी ड्रेस, याखेरीज कधी काही घातलेलं नाही आणि मला घालायचंही नाही. तर पहिला प्रश्न, साडी चालते का? चालवून घेतात असं नको, खरोखर चालते का? चालत असेल तर कुठली न्यावी, बॅगेत कशी ठेवावी, बोटीवर नेसून नीट वावरता येतं का?

दुसरा प्रश्न आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. त्या ६९ वर्षांच्या आहेत, शाळेत शिक्षिका होत्या. गॅदरिंगच्या दिवशी त्यांची साडी बघायला मुली स्टाफरूमच्या दारात थांबायच्या, असं त्यांच्या विद्यार्थिनी मला अजून सांगतात. सासरे गेल्यापासून त्यांनी जरीला हात लावलेला नाही. फिक्या रंगाच्या, बारीक काठाच्या साड्या आणि गळा मोकळा. घरातून त्यांना कुणी असं सांगितलेलं नाही, उलट आम्ही आग्रह करतो. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, "त्या दोन रात्री तुम्ही जा. मी खोलीतच काहीतरी मागवून खाईन. माझ्यामुळे तुमचा विरस नको." समुद्राच्या सहलीचा विषय त्यांनीच काढला होता. त्यांनी दोन संध्याकाळी खोलीत बसून काढाव्यात हे मला सहन होत नाहीये. कुणाच्या घरात असं झालं असेल तर जरूर लिहा.

सागरगोटा, सातारा

ताई, आधी साडीचं सांगते. चालते, आणि मानाने चालते. माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला आहे, माझंही जाणं झालंय, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. फॉर्मल म्हणजे गाऊनच, असा अर्थ पत्रक लिहिणाऱ्याने काढलाय. क्यूनार्डसारखी जुन्या वळणाची ब्रिटिश कंपनी, जिथे कपड्यांचे नियम सगळ्यांत कडक, तीसुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल असं म्हणते. रेशमी साडी, काठाचा लेहेंगा, भरजरी अनारकली, सगळं त्यात बसतं. मुख्य डायनिंग रूमच्या दारात अडवतात ते हाफ पँट, बनियन, पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला घालून आलेल्यांना. साडी नेसलेल्या बाईला दारातला माणूस अदबीने खुर्चीपर्यंत नेतो.

प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, त्यामुळे गोंधळ होतो. कार्निव्हल 'क्रूझ एलिगंट' म्हणते, सेलिब्रिटी 'इव्हिनिंग शिक', क्यूनार्ड 'गाला इव्हिनिंग'. नॉर्वेजियनवर नटून यायची सक्तीच नाही. तुमची कंपनी कुठली ते बघा आणि तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कपड्यांचं पान वाचा. एजंटचं पत्रक पुष्कळदा एकच असतं आणि सगळ्यांना तेच जातं.

सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन फॉर्मल रात्री धरतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एक. पहिल्या रात्री सहसा ठेवत नाहीत, कारण मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ उलटते. बहुतेक वेळा जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी ठेवतात, म्हणजे कुणी धावतपळत किनाऱ्यावरून आलेलं नसतं आणि तयारीला वेळ मिळतो. त्याच संध्याकाळी कॅप्टन प्रवाशांना भेटतो, जिन्यापाशी आणि लॉबीत पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घेतला म्हणजे विकत घ्यावाच लागतो असं नाही, नंतर बघून ठरवता येतं. तर फोटो काढून घ्या, सगळ्यांनी मिळून.

आणि एक. फॉर्मल ही फक्त संध्याकाळ असते. दिवसभर त्याच जहाजावर लोक कॉटनच्या कुडत्यात हिंडत असतात.

माणगंगा

सातारकर ताईंनी छान लिहिलंय. माझं मत जरा वेगळं. माझ्या आईचे गुडघे धरलेले होते, तिला दोन तास खुर्चीत बसून पाच पदार्थांची वाट बघणं जमणार नव्हतं. फॉर्मल रात्रीही वरच्या मजल्यावर बुफे चालू असतो आणि तिथे नेहमीचे साधे, नीटनेटके कपडे चालतात. आम्ही दोघं तिथे काचेशी बसून जेवलो, आईला फार आवडलं. कुणाला नटायचं नसेल तर त्याच्यावर ओझं टाकू नये. तुमच्या सासूबाईंना खोलीत राहण्यापेक्षा हा मार्ग बरा वाटेल कदाचित. तुमच्यातलं एकजण त्यांच्यासोबत गेलं की झालं.

हळदगंध

धन्यवाद दोघांनाही. माणगंगा, बुफेचं माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत. आईंना तब्येतीची काही तक्रार नाही, त्या रोज सकाळी आमराईत चालायला जातात. त्यांना जेवणाच्या टेबलाशी गप्पा हव्या असतात. म्हणून तर जीव तुटतो.

खणआळीची लेक, सातारा

आमचं माहेर कापडाच्या धंद्यातलं, मोती चौकापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कुठली साडी याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

परदेशात जायचं म्हटलं की आपल्या बायका कपाटातली सगळ्यांत जड पैठणी काढतात. पैठणी सुंदरच दिसते, पण ब्लाऊज-परकरासह सहज किलोभर भरते, आणि विमानाच्या बॅगेला वजनाची मर्यादा असते. शिवाय जर एकाच घडीवर दाबून राहिली की त्या रेषेवर मोडते, रेशीम चिरतं. एखादीच न्यायची असेल तर न्या, पण ती घडीवर घडी न घालता मलमलीच्या कापडात सैल गुंडाळून, सगळ्यांत वर. वर बूट-चपलांचा भार येऊ देऊ नका. आणि जरीवर अत्तर किंवा स्प्रे मारू नका, जर काळी पडते.

माझ्या मते बोटीवर सगळ्यांत शोभते ती इरकल. आपल्या सांगली-साताऱ्याच्या बायांच्या अंगाखांद्यावरचं कापड, पण आपणच तिला शेतावरची साडी समजून मागे टाकलं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचं हे विणकाम. जुन्या इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा ताणा वेगळा, आणि मागावर एकेक धाग्याचा फासा दुसऱ्या धाग्याच्या फाशात अडकवून दोन्ही जोडतात. पदर सुरू होतो तिथे बोट फिरवून बघा, हा सांधा हाताला लागतो. लाल पदरावर पांढरे पट्टे, म्हणजे आपला टोपपदर. आता पूर्ण रेशमी इरकलही मिळते, ती रात्रीच्या दिव्यांत फार खुलते. काठ भरदार असल्यामुळे निऱ्या खाली ओढून धरतो. डेकवर वारा असतो, तिथे शिफॉन-जॉर्जेट नेसलेल्या बाईचे दोन्ही हात पदर सावरण्यात जातात. इरकल, नारायणपेठ, टसर जागच्या जागी राहतात.

वजनाची काळजी असेल तर माहेश्वरी. सुती-रेशमी, हलकी, बॅगेत कमी जागा आणि घडीही फारशी पडत नाही.

ब्लाऊज मात्र नवा शिवा. जुनी साडी चालते, जुना घट्ट ब्लाऊज चालत नाही, कारण जेवण दोन तास चालतं. बाही कोपरापर्यंत ठेवा. तिथले हॉल एसीने गारठलेले असतात.

आणि वन्संना सांगा, खणाचा गाऊन शिवता येतो. पूर्वी खण ब्लाऊजपुरता अरुंद पन्ह्याचा यायचा, आता मीटरवर मोठ्या पन्ह्याचा मिळतो. साधा, सरळ, टाचेपर्यंतचा, कमरेला चुण्या, काठ खालच्या घेराला. मी भाचीसाठी असा शिवून घेतलाय. कापड उभं राहतं, अस्तर मात्र मऊ सुती लावा, नाहीतर मानेला आणि काखेत टोचतं.

पोवईनाका

वन्संसाठी खास लिहितेय. मी ५४ वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते आणि मी फॉर्मल नाइटला गाऊन घातला होता. गडद निळा क्रेपचा, लांब बाह्यांचा, गळा बंद, वरून चांदीचा तन्मणी. साताऱ्यातल्याच शिंपीदादांनी शिवला. त्यांनी आधी कधी शिवला नव्हता, पण मी जुनी मॅक्सी नेऊन दाखवली, त्यावरून त्यांनी माप बसवलं आणि तीनदा बोलावून अंगावर घालून बघायला लावला. त्यांना स्वतःला इतका आनंद झाला की तयार झाल्यावर त्यांनी तो दुकानात पुढे टांगून ठेवला होता.

मला लहानपणापासून हौस होती. एवढंच कारण होतं आणि ते पुरेसं आहे असं मला वाटतं. कुणाला दाखवायला नाही, आधुनिक व्हायला नाही. साडीवर माझं प्रेम कमी झालेलं नाही, परवाच्या हळदीकुंकवाला नऊवारीच नेसले होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर बोलणारे बोलतील. माझ्या एका काकूंनी लिहिलं, "हे काय घातलंयस?" मी लिहिलं, "गाऊन आहे काकू, छान आहे ना?" त्यांचं उत्तर आलं, "रंग चांगला आहे." विषय तिथे संपला. वन्संनी धास्ती घेऊ नये. शिवताना एवढं बघावं की हात वर करता येतो, जिना चढताना घेर पायात येत नाही आणि आत श्वास घेता येतो.

आयर्विनपूल

लेकीच्या जंपसूटला माझं पूर्ण अनुमोदन. बायकांनी पँटसूट किंवा जंपसूट घातला तरी फॉर्मलमध्ये धरतात, कापड चांगलं आणि शिवण नेटकी हवी. जीन्स मात्र नको. आणि पुरुषांसाठी कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, बंद गळ्याचा जोधपुरी कोट उत्तम, टक्सिडोची काहीही गरज नाही.

कृष्णाकाठची, मिरज

बाकीचं सगळं वाचलं. मला सासूबाईंबद्दलच लिहायचंय.

माझी आईसुद्धा अशीच होती. वडील गेले त्या दिवशी शेजारपाजारच्या बायकांनी जे करायचं ते केलं, आम्ही मुली रडण्यात होतो, अडवायला कुणी उभं राहिलं नाही. नंतर आम्ही कितीदा म्हटलं, आई बांगड्या भर, आई हिरवी साडी नेस. ती हसून विषय बदलायची. मला वाटायचं तिला नकोच आहे. पुष्कळ दिवसांनी एकदा बोलता बोलता म्हणाली, "मला नको असं नाही गं. पण मी नेसले आणि कुणी वळून बघितलं, तर त्या बघण्याला मी काय उत्तर देऊ?" तेव्हा मला कळलं की आग्रहाने हे सुटणारं नाही. आग्रह करतो तेव्हा आपण तिच्या बाजूने असतो खरे, पण निर्णय तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो.

मे २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला त्या ठरावात सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटलं, तर गावाने ती जबाबदारी आपल्याकडे घेतली. कुणी वळून बघितलं तर उत्तर द्यायला गाव उभं आहे. एकटीने धाडस करायचं नाही.

तुमच्या घरातही तसंच करता येईल. "आई, तुम्ही जरीची नेसा" असं म्हणू नका. पाचही जणांचं मिळून ठरवा. आपण सगळे पहिल्या फॉर्मल रात्री इरकल, खण, आपल्याकडचंच काहीतरी घालणार आहोत, असं म्हणा. वन्संचा खणाचा गाऊन, तुमची इरकल, लेकीच्या जंपसूटवर खणाचं जाकीट. मग आईंची साडी ही त्या सगळ्यातली एक होते. आणि फिकी नेसली तर फिकी. रेशमी, मोतिया रंगाची, बारीक सोनेरी काठाची टसर कुठल्याही राजघराण्यातल्या बाईला शोभेल. त्यांनी त्यांच्या मनाप्रमाणे नेसावी आणि टेबलाशी यावं. रंगापेक्षा त्यांचं येणं मोठं आहे.

आणखी एक सावधपणे सांगते. पुष्कळ जहाजांवर एक रात्र पांढऱ्या कपड्यांची असते, सगळे पांढरं घालून डेकवर गाण्याला येतात. आपल्याकडे पांढऱ्या साडीचा अर्थ काय लावला जातो हे आईंना ठाऊक आहे, तिथल्या कुणाला नाही. आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कळलं तर त्या दुखावतील. किंवा, कुणी सांगावं, शेकडो माणसं हौसेने पांढरं घालून नाचताना बघून त्यांना बरंही वाटेल.

सागरगोटा

कृष्णाकाठची, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

त्यावरून आठवलं म्हणून काळ्या रंगाबद्दल लिहिते. क्यूनार्डवर एक संध्याकाळ काळ्या-पांढऱ्या कपड्यांची ठेवतात. इतर जहाजांवरही फॉर्मल रात्री काळा रंग सगळ्यांत जास्त दिसतो. आपल्या प्रत्येक घरात संक्रांतीची चंद्रकळा असते, वर्षातून एकदा बाहेर येते आणि परत कपाटात जाते. ती काढा. काळं अंग, बारीक सोनेरी ठिपके किंवा नक्षी, वर मोत्यांची माळ. कुठल्याही गाऊनच्या शेजारी उभं राहा, तुमच्याकडेच लक्ष जाईल.

चारभिंती, सातारा

आमच्या आजी कायम नऊवारीत. मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज गोवा-लक्षद्वीपकडे जातं, त्यावर आम्ही सगळे गेलो होतो. तिथे बहुतेक प्रवासी आपलेच, त्यामुळे कपड्यांचा प्रश्न नव्हता. पण बोटीवर वावरायला नऊवारीइतकं सोयीचं काही नाही, हे आजींकडे बघून कळलं. कासोटा घातलेला, पाय मोकळे, पदर कमरेला खोचलेला. जिने चढताना आमच्या सहावारीच्या निऱ्या पायात येत होत्या आणि आजी पुढे. बोटीवर बाथरूमला आणि डेकच्या जड दारांना उंच उंबरे असतात. तिथे आम्ही दर वेळी साडी उचलून पाऊल टाकत होतो. तेव्हा सहावारी नेसणार असाल तर घोट्यापर्यंतच नेसा, जमिनीला टेकू देऊ नका, आणि फॉल-पिको इथूनच करून न्या.

चपलांचं कुणी लिहिलं नाही. बारीक टाचेचे सँडल नकोत. बोट संथ चालली तरी चालताना थोडा हेलकावा जाणवतो. रुंद टाच, दीड-दोन इंच, पुरे. कोल्हापुरी साडीखाली सुंदर दिसते, पण चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या डेकवर सरकतो. चांभाराकडून तळाला रबर लावून घ्या. आमच्या इथे लगेच लावून मिळतं.

विटा_रोड

दागिन्यांचं काय? सोनं न्यावं का?

खणआळीची लेक

शक्यतो नकोच. अंगावरचं रोजचं असेल तेवढं ठीक. जास्तीचं नेणारच असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं, म्हणजे परत येताना हे आपलंच, इथूनच नेलेलं, असं दाखवता येतं. पण त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो. त्यापेक्षा हुपरीची चांदी घ्या. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन मिळतात, इरकलीवर तर ऑक्सिडाइज्ड चांदीच जास्त शोभते. खोलीत छोटी तिजोरी असते, दागिने आणि पासपोर्ट त्यात ठेवा.

गळ्यात एकच ठसठशीत दागिना घाला आणि कान हलके ठेवा. पाच पदरी सगळं घातलं की फोटोत चेहरा हरवतो. नथ हौशीने घालणार असाल तर जेवायच्या आधी फोटो काढून घ्या, सूप पिताना ती मधे येते.

पोवईनाका

शाल किंवा मोठी ओढणी प्रत्येकीने न्यावी. डायनिंग हॉलमध्ये लागते आणि दिवसाही लागते. तुमचं जहाज चिव्हिताव्हेक्किया बंदराला लागत असेल तर रोमला जाल. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातून परत पाठवतात. तिथे रोजच्या साडी-पंजाबीतल्या आपल्या बायकांना काही अडचण येत नाही, लेकीला मात्र बिनबाह्यांच्या टॉपवर शाल घ्यावी लागेल.

हळदगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर हा धागा घरात मोठ्याने वाचला जातोय.

कंपनीच्या संकेतस्थळावरचं पान लेकीने काढून दाखवलं. तिथे गाऊन हे फक्त उदाहरण म्हणून दिलंय, 'सक्तीचं' असा शब्द कुठेही नाही. वन्संनी गाऊन शिवायला टाकलाय, खणाचा, जांभळा, हिरव्या काठाचा. पोवईनाका ताईंचं "रंग चांगला आहे" हे त्यांना इतकं पटलंय की त्यांनी ग्रुपवर कापडाचा फोटो आत्ताच टाकून दिला. लेकीचं जाकीट त्याच खणातून होईल, कापड उरतंय.

आईंना मी काही म्हणाले नाही. कृष्णाकाठची, तुमचा प्रतिसाद मी वाचला नाही, तो त्यांनीच माझ्या हातातून फोन घेऊन वाचला आणि चष्मा पुसून परत दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. त्यात त्यांच्या आईची इरकल निघाली. काळसर हिरवी, रुईफुलांचा काठ, सुती अंग आणि लाल टोपपदर. डांबरगोळ्यांचा वास गच्च बसलेला. खणआळीच्या ताई, पदराच्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि लेकीला सगळं समजावून सांगितलं, कुठे सूत संपतं, कुठे रेशीम सुरू होतं. वर्गात शिकवतात तशा. मग म्हणाल्या, "ही पहिल्या रात्री. दुसऱ्या रात्री माझी मोतिया. गळ्यात काही घालायचं की नाही ते मी तिथे गेल्यावर ठरवीन." मी फक्त "बरं" म्हटलं.

म्हणजे पाचही जण टेबलाशी असू.

आता एकच अडचण. ही जुनी सुती साडी बॅगेतून निघाली की सुरकुतणारच. छोटी प्रवासातली इस्त्री नेऊ का? आणि वास कसा घालवू?

खणआळीची लेक

वासासाठी सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळत टाका, रोज घडीची बाजू बदला. उन्हात नको, लाल पदराचा रंग उडेल. धुणार असाल तर आधी पदराचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर धुऊ नका, माहितीतल्या ड्रायक्लीनरकडे द्या. आणि उभी धरून उजेडात एकदा बघा, घडीवर कुठे विरलंय का. विरलं असेल तर रफू इथेच करून घ्या. सांगलीच्या कापड पेठेत विचारलंत तर रफूवाला नक्की सापडेल.

सागरगोटा

इस्त्री अजिबात नेऊ नका, कपड्यांचा स्टीमरही नको. आगीच्या भीतीने जहाजावर दोन्हींना बंदी असते. बॅगा चढवताना तपासतात, त्यात सापडली तर काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. शिवाय ती बॅग तेवढ्यासाठी मागे राहते आणि संध्याकाळी कपड्यांवाचून अडायला होतं.

काही जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्री ठेवलेली असते, पण सगळ्यांवर नसते. जिथे नसते तिथे कपडे प्रेस करून द्यायची सेवा असते, पैसे वेगळे पडतात. फॉर्मल रात्रीच्या दिवशी सगळेच कपडे देतात, म्हणून तुम्ही चढल्या दिवशीच, बॅग खोलीत आली की लगेच तुमच्या खोलीचं बघणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. साडी उलगडून, सुती कुठे आणि रेशीम कुठे ते हाताने दाखवून द्या, पदराला मंद इस्त्री. आणि तोवर ती टांगून ठेवायला चुंबकाचे हुक न्या, खोल्यांच्या भिंती बहुतेक पत्र्याच्याच असतात, हुक चिकटतात. चार पुरेत. सेफ्टी पिनांचं पाकीट मात्र मोठं न्या, बोटीवरच्या दुकानात हव्या तशा मिळतीलच असं नाही.